मेओचा ठोकळा

हुए, २० फेब्रुवारी २०११

प्रिय मिएन,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग एक तक्रार.

तू नववर्षाला पाठवलेल्या कॅलेंडरविरुद्ध मला अत्यंत खेदाने लेखी निवेदन करावं लागत आहे. त्यावर तुझ्या गाडीचं चित्र मोठं आहे, तुझा फोन नंबर त्याहून मोठा आहे, आणि हाय वान घाटात दोन्ही हात पसरून उभी असलेली ती परदेशी बाई तर जवळजवळ खऱ्या मापाची आहे. चांद्र तिथी मात्र मुंगीने पाय पुसावेत तशा कोपऱ्यात छापल्या आहेत. परिणामी तुझ्या वहिनीचा एक दिवस चुकला, आणि वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, जेव्हा आमच्या गल्लीतला कुत्राही शाकाहारी असतो, आमच्या घरी डुकराचं कालवण शिजलं. शेजारच्या बाईंनी वासावरून ओळखलं. हुएमध्ये घराण्याचं नाव जायला तेवढं पुरतं. या किनाऱ्यावरच्या जुन्या राजांचे हजार वर्षांचे झिजलेले, शेवाळलेले संस्कृत शिलालेख मी वाचतो. तुझ्या छापखान्यापुढे हात टेकले.

इथवर मी गप्प बसलो असतो. पण निवाड्यासाठी ते कॅलेंडर बाबांपुढे, म्हणजे तुझ्या मामांपुढे, नेलं. त्यांनी ते नाकाला लावलं, किल्लीच्या भोकातून बघावं तशी मान इकडेतिकडे फिरवली, आणि म्हणाले, “तारीख बरोबर आहे.”

कॅलेंडर उलटं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं कधी जाईल ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना सगळीकडून अंधार आणि मध्ये एक छोटं उजेडाचं वर्तुळ दिसतं. घरी येताना रिक्षात म्हणाले, “सरकारने डोंगरात बोगदा काढला, देवाने माझ्या डोळ्यांत.” आणि मग, “मला मेओकडे जायचंय. दिसतंय तोवर.”

तुला मेओ आठवणार नाही, तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. बाबा सहकारी संस्थेचा आयफा ट्रक चालवायचे तेव्हा तो त्यांचा क्लीनर होता. मांजराच्या वर्षी जन्मला म्हणून त्याला मेओ, मांजर, म्हणायचे. आईबाप, भाऊबहीण कुणी नाही. घाट चढताना गाडी दमली की क्लीनर मागून पळत यायचा, हातात लाकडी ठोकळा, आणि उस्तादाने हाक दिली की मागच्या चाकाखाली सारायचा. एका धुक्याच्या सकाळी, लांग कोच्या बाजूने चढताना, इंजिन बंद पडून गाडी उलटी दरीकडे घसरायला लागली. मेओने ठोकळा सारला. चाक थांबलं. बाबा उतरून मागे गेले तर ठोकळा जागेवर होता आणि मेओ नव्हता. गाडीच्या मागच्या फळीने त्याला कड्यावरून ढकललं होतं. खाली त्याची टोपी सापडली, दुसरं काही नाही.

त्या वळणावर ड्रायव्हर लोकांनी घुमटी बांधली. बाबांनी पुन्हा कधी घाटात गाडी घातली नाही. शहरातली बस चालवली. ज्याला कुणी नाही त्याला मेल्यावर जेवायला कोण घालणार, म्हणून मेओचं श्राद्ध दरवर्षी आमच्या घरी होतं. त्याचा फोटो नव्हता. तेव्हा पूर्वजांच्या देव्हाऱ्यात आजोबा आणि आजी यांच्या फोटोंच्या मध्ये तो ठोकळा बसलेला आहे. पाहुणे विचारतात, आम्ही सांगतो, काका.

घुमटीत उदबत्ती लावायला बाबा ओळखीच्या ट्रकवाल्यांकडे द्यायचे. बोगदा झाला आणि ट्रक घाटातून जायचे बंद झाले. गेली सहा वर्षं मेओला तिथे कुणी विचारलेलं नाही, हे बाबांना टोचतं. “उपाशी असेल रे तो,” म्हणतात, जेवताना, घास हातात धरून.

तेव्हा तू परदेशी लोकांना एक दिवस घाट दाखवतेस, तसा माझ्या बाबांना दाखव. खास गाडी, सोबत वाटाड्या, सगळा इतमाम. तिसऱ्या चांद्र महिन्याची दशमी, त्याच्या श्राद्धाचा दिवस. तारीख तूच काढ, तुझ्या कॅलेंडरवर माझा विश्वास नाही. मी येणार नाही. ट्रक ड्रायव्हरचा हा एकुलता मुलगा दुसऱ्या वळणाला ओकतो, हे तुला माहीत आहे.

पत्र लिहितो कारण फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे, आणि त्यांचे कान अजून पंचविशीत आहेत.

तुझा
तोआनदादा


दा नांग, १ मार्च

तोआनदादा,

कॅलेंडरबद्दल क्षमा मिळणार नाही. फुकटच्या कॅलेंडरात तिथी शोधणाऱ्याने भिंगही स्वतःचं आणावं. वहिनीला मात्र सांग, डुकराचं पाप माझ्या खात्यावर लिही.

तू येणार नाहीस हे वाचून माझ्या गाडीने सुटकेचा निःश्वास सोडला. नव्या सीटा घातल्यात.

दशमी बारा एप्रिलला येते, दोनदा बघितलं. त्या दिवशी फ्रान्सचं एक जोडपं होतं, त्यांना तेरा तारखेला ढकललं. मामांसाठी गाडी मीच चालवीन आणि वाटाडीही मीच. पैशाचं नाव काढलंस तर पौर्णिमेचं कालवण मी पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर छापीन. एकच अट: सगळा फेरफटका करायचा. तळं, मासेमारांचं गाव, झरा, मगच घाट. नुसती घुमटी दाखवून आणणं मला जमत नाही, माझं तोंड आपोआप सुरू होतं.

आता एक चांगली बातमी, मामांना सांग. मी त्या रस्त्याने आठवड्यातून चारपाच वेळा जाते. चढणीवर, जिथून खाली समुद्राला लागून आगगाडी दिसते त्या वळणावरची घुमटी ना? ती मोडकळीला आलेली नाही. कुणीतरी रोज झाडतं. उदबत्ती असते, ग्लास असतो. घाटमाथ्यावर कॉफी विकणारे एक म्हातारे काका आहेत, ते खाली उतरून ठेवून जातात, मी पाहिलंय. धंद्याला बरकत यावी म्हणून असेल. माथ्यावरचे सगळे दुकानदार कुठे ना कुठे काहीतरी ठेवतात. कारण काही असो, मेओ उपाशी नाही.

मामांचे डोळे असे झालेत हे मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून होईना.

मिएन


हुए, ३ एप्रिल

प्रिय मिएन,

घुमटीची बातमी बाबांना सांगितली. मला वाटलं, निवांत होतील. ते म्हणाले, “परक्याने किती दिवस करायचं?” म्हणजे आता त्यांना त्या कॉफीवाल्याचेही आभार मानायचे आहेत. आभारांचं हे गाठोडं वाढत चाललंय. त्यात तूही आहेस, पण तुला ते तोंडावर सांगणार नाहीत. मला मात्र सांगतात: “पोरीने फ्रान्सला थांबवलं माझ्यासाठी.” गल्लीत आता सगळ्यांना माहीत आहे की फ्रान्स थांबला.

तयारी राजाच्या यज्ञासारखी चालू आहे. उकडलेली कोंबडी अख्खी हवी, मान ताठ, चोचीत फूल. चिकट भात, तांदळाची दारू, आणि साखरेचा कणही नसलेली काळी कॉफी, कारण मेओ तशीच प्यायचा. मी म्हटलं, थोडं आलंही ठेवू का? माझ्याकडे असं बघितलं, म्हणजे माझ्या दिशेने. “मेओ आल्याला शिवत नसे. बाळंतिणीचं खाणं म्हणायचा. आलेपाक माझा.” तुला ठाऊकच आहे, काळ्या कॉफीबरोबर आलेपाकाची वडी चावायची ही खोड जगात बाबांखेरीज कुणाला नाही. घाटात थंडी बाधू नये म्हणून लागली, आणि मग उन्हाळ्यातही सुटली नाही.

ठोकळाही बरोबर नेताहेत. म्हणतात, त्याचा त्याला दाखवून आणतो.

हॉर्न प्रत्येक वळणावर वाजव. नाही वाजवलास तर ते तोंडाने वाजवतील.

तोआनदादा


दा नांग, १५ एप्रिल

तोआनदादा,

मामांनी बजावलंय की मी सगळं लिहून काढायचं आणि तू ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, म्हणून अक्षर नीट काढतेय. सोबत पिवळा कागद आहे तो वाचून दाखवू नकोस.

बारा तारखेला मामा पुढच्या सीटवर बसले, मांडीवर ठोकळा, पायाशी कोंबडी. गल्लीच्या तोंडाशीच त्यांचा उजवा पाय खाली जोरात गेला. मी म्हटलं, “मामा, त्या बाजूला ब्रेक नाही.”

“माहीत आहे. तू दाबत नाहीस म्हणून मी दाबतोय.”

लांग कोपर्यंत असे शंभर ब्रेक लागले असतील. (मामा, नाकारू नका.) तळ्याशी थांबवून मी माझं नेहमीचं सुरू केलं, हे बघा शिंपल्यांची शेती, जुन्या टायरवर शिंपले धरतात. मामा म्हणाले, “टायर कुठल्या गाडीचे?” चौदा वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. माहीत नाही म्हटलं तर म्हणाले, “वाटाडी म्हणे.” मग मान वळवत त्या छोट्या वर्तुळातून एकेक तुकडा बघत राहिले: पाणी, होडी, डोंगराचा पाय, डोंगराचं डोकं. “मोठं सुंदर आहे गं,” म्हणाले. “मी इथून हजारदा गेलो, पण तेव्हा डोळा रस्त्यावर असायचा.”

घुमटीचं वळण मी सांगण्याआधी त्यांनी ओळखलं. गाडी कशी वळते त्यावरून. उतरले, ठोकळा काखेत, माझ्या खांद्यावर हात. घुमटी झाडलेली होती. मी कोंबडी मांडायला घेतली, मामांनी आत हात घालून जागा चाचपली, आणि हात तिथेच राहिला.

“हे काय आहे?”

“कॉफीचा ग्लास आहे, मामा. ते माथ्यावरचे काका ठेवतात.”

“ग्लासाशेजारी.”

मी वाकून बघितलं. चपटी पिवळट वडी, साखर लागलेली. “आलेपाक.”

मामांनी ती उचलून हुंगली. मग कठड्यावर बसले. मला वाटलं चक्कर आली, मी पाणी आणायला निघाले तर म्हणाले, “थांब. कॉफीबरोबर आलेपाक खाणारं या घाटात एकच गाढव होतं. ते अजून जिवंत आहे, इथे बसलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे ही घुमटी मेओची नाही. कुणीतरी ती माझी समजतंय. मी मेलो समजून मला जेवायला घालतंय.” आणि थोड्या वेळाने, अगदी हळू: “माझी खोड माहीत असलेला माणूस एकच होता.”

खाली आगगाडी गेली. त्यांनी वडी पुन्हा ग्लासाशेजारी ठेवली.

“कोंबडी उचल,” म्हणाले. “भात राहू दे. रिकामं ठेवू नये.”

माथ्यावर गर्दी होती, जुन्या दरवाज्यापाशी फोटो चालले होते. काकांची पाठ आमच्याकडे होती, गाळणीतून कॉफी टपकत होती आणि ते एका गोऱ्या माणसाला ओरडत होते, “हॅलो, कॉफी, व्हेरी गुड.” त्या आवाजाला मामांची माझ्या खांद्यावरची बोटं रुतली. स्टूल चाचपून बसले.

“एक काळी. आलेपाक बाजूला.”

काका न वळता म्हणाले, “आलेपाक विकायला नाही. एका माणसासाठी असतो. तो वारलाय.”

“वारलेल्याला स्टूल चालतं. आलेपाक दे.”

काकांनी हातातला ग्लास पुसायला घेतला. तो कोरडाच होता. पुसत राहिले, पुसत राहिले, मग ठेवला, आणि वळले. डावा पाय ओढत आले आणि मामांच्या पुढ्यात उकिडवे बसले.

“उस्ताद,” म्हणाले, “हॉर्न न वाजवता आलात?”

“पोरगी वाजवत नाही. तू मेलास ना रे?”

“तुम्ही मेलात ना?”

गोरा माणूस कॉफीसाठी उभा होता, त्याला मी ओतून दिली.

मग हळूहळू बाहेर आलं. मेओकाका कड्यावरून झाडांवर पडले, मोडक्या पायाने रुळांपर्यंत सरपटले, आणि एका मालगाडीच्या गार्डने त्यांना दक्षिणेला नेलं. त्या दिवशी मामांच्या ट्रकमध्ये वर सिमेंट होतं आणि सिमेंटखाली डुकराच्या तंगड्या, संस्थेतल्याच कुणीतरी लपवलेल्या. (त्या दिवसांत एक तंगडीसुद्धा जिल्ह्याबाहेर नेणं हा गुन्हा होता, दादा, तुला आठवत असेल.) त्यांना वाटलं गाडी पकडली असेल, उस्ताद आत असेल, आपण तोंड दाखवलं तर दोघांचे जबाब ताडून बघतील आणि उस्ताद आणखी अडकेल. म्हणून गप्प राहिले, होड्यांवर कामं केली. हुएत मोठा पूर येऊन गेल्यावर तिथे येऊन तुमचं जुनं घर शोधलं, तिथे चिखल होता. बोगदा झाल्यावर माथ्यावर जागा मिळाली म्हणून आले, आणि पहिल्याच दिवशी त्या वळणावर घुमटी दिसली. विचारलं, कुणाची? लोक म्हणाले, आयफावाला मेला इथे. कुठला आयफावाला, ते कुणाला माहीत होतं? दोघेही आयफावालेच.

“सहा वर्षं तुम्हाला आलेपाक घालतोय, उस्ताद. दर थंडीत हुएहून मागवतो.”

“आणि मी सत्तावीस वर्षं तुझं श्राद्ध घालतोय. अख्खी कोंबडी.”

“तरीच,” काका म्हणाले. “तिसऱ्या महिन्यात मला न जेवता ढेकर यायचे.”

मामा एवढे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही. कोंबडी सोडली. मेओकाकांनी आपल्या श्राद्धाची कोंबडी स्वतः फाडली आणि तंगडी मामांच्या हातात दिली. मामांनी ठोकळा पुढे केला.

“हा तुझा.”

“एवढा गुळगुळीत कसा झाला?”

“दर सणाला पुसतात. आधी बायको पुसायची, आता सून. फोटो नव्हता तुझा, हाच ठेवलाय आईबाबांच्या मध्ये.”

काकांनी तो उलटासुलटा केला. “माझ्यापेक्षा बरा दिसतो.”

मामांनी त्यांचा हात ठोकळ्यासकट धरला. म्हणाले, “मेओ, माझं म्हातारपण, तोआनचं शिक्षण, त्याची मेलेल्या राजांची पत्रं, नात, या डोळ्यांनी आज जे बघितलं ते, सगळं या लाकडावर टेकून उभं आहे. मला हे सांगायला तोंड नव्हतं. म्हणजे, ज्याला सांगायचं तो नव्हता.”

काका म्हणाले, “कॉफी गार होतेय, उस्ताद.”

परत येताना पलीकडे उतरून बोगद्यातून नेऊ का विचारलं, तर म्हणाले, डोळ्यांतला एक पुरे. म्हणून पुन्हा घाटानेच आणलं. ठोकळा त्यांनी वर ठेवला, मेओकाकांकडे.

मिएन

(पिवळा कागद)

दादा, हे फक्त तुला. येताना मामांनी एकदाही ब्रेक दाबला नाही. उतारावरसुद्धा नाही. वळणावर मी मुद्दाम हॉर्न वाजवला नाही, तरी बोलले नाहीत. मला वाटलं झोप लागली. बघितलं तर जागे होते, हात मांडीवर उघडे, तोंडावर हसू. इतकं सुखी माणूस मी माझ्या गाडीत आजवर बसवलेलं नाही. फ्रान्सला पुन्हा ढकलावं लागलं तरी चालेल, तू नुसतं ‘पुन्हा ने’ म्हण.


हुए, ८ मे

प्रिय मिएन,

तुझं पत्र आजवर अकरा वेळा वाचून दाखवलं. “टायर कुठल्या गाडीचे” इथे ते दरवेळी म्हणतात, “आयफाचे असणार.” ढेकराच्या वाक्याला मी थांबायचं असतं, कारण त्यांना आधी हसायचं असतं. दशमीचा तो दिवस तू आम्हाला दिलास, त्याबद्दल काय लिहू? संस्कृतात कृतज्ञतेला शब्द पुष्कळ आहेत, आणि गेले तीन आठवडे मी ते चाचपून बघतोय. प्रत्येकाला राजाच्या दानपत्राचा वास येतो. तुझ्या वहिनीने तिळवडीचा डबा भरलाय. तो जास्त खरा आहे.

गेल्या रविवारी मेओकाका आगगाडीने आले, पाठीवर कॉफीचं पोतं. देव्हाऱ्यापुढे उभे राहून विचारलं, “माझी जागा कुठली होती?” बाबांनी दाखवली. “थेट आजी-आजोबांच्या मध्ये? माझी बढती झाली होती आणि मला कुणी कळवलं नाही.” तुझ्या वहिनीला हसताहसता ठसका लागला. मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर उभं राहतं, असं ती म्हणाली, तर काका म्हणाले, “तीनच पायांवर, सूनबाई.”

प्रश्न निघाला तो श्राद्धाचा. मी वाचतो त्या संस्कृत शास्त्रांत जीवच्छ्राद्ध आहे, म्हणजे माणसाने जिवंतपणी स्वतःचं स्वतः उरकायचं. पण दोन जिवंत माणसांनी एकमेकांचं घालायचं, याला मला आधार सापडला नाही. दोन्ही म्हाताऱ्यांनी माझ्या ज्ञानाची वाट न बघता निकाल दिला. घुमटी राहील. इतकी वर्षं ताटं येत होती, तेव्हा रस्त्यावर गेलेला, कुणी नसलेला कुणीतरी एव्हाना तिथे राहायला आला असणार. त्याला आता उठवायचं कसं? दशमीला दोघांनी मिळून त्याला जेवायला घालायचं. कॉफीबरोबर आलेपाक ठेवायचा की नाही, यावर मात्र भांडण झालं आणि ते मिटलेलं नाही.

हे सगळं सुखाचं आहे आणि मी ते सुखानेच लिहितोय.

आता देव्हाऱ्याचं. ठोकळा गेल्यापासून आजोबा आणि आजी यांच्यामध्ये जागा रिकामी आहे. तुझ्या वहिनीने तिथे फुलदाणी ठेवली. संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखी उदबत्ती लावायला हात फिरवला, फुलदाणी लागली, ती त्यांनी उचलून खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मी फळांची ताटली ठेवली. तीही खाली. मी विचारलं, “बाबा, तिथे काय ठेवायचं मग?” म्हणाले, “काही नको. मोकळी असू दे.” आवाजात दुःख नव्हतं, हे लक्षात घे. बसमध्ये चढण्याआधी माणूस रुमाल टाकून आपली सीट धरून ठेवतो, तसं म्हणाले.

डोळ्यांतलं वर्तुळ आणखी लहान झालंय, पण त्याबद्दल आता ते तक्रार करत नाहीत. “मेओ उपाशी असेल” हे गेलं, बरं झालं. पण त्या वाक्याच्या पाठोपाठ ते जेवणावर रागावायचे, मग माझ्यावर, मग सरकारवर, ते सगळंही गेलं. पुढ्यात येईल ते खातात आणि छान झालंय म्हणतात. तुझ्या वहिनीला तिच्या कालवणाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा छान ऐकायला मिळालं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

तुझा पिवळा कागद मी एकट्याने बऱ्याचदा वाचला. तू लिहितेस, ब्रेक दाबला नाही कारण ते सुखी होते. असेलही. तरी पुढल्या महिन्यात त्यांना पुन्हा घाटात घेऊन जा, मीही येईन, पिशवी घेऊन मागे बसेन. जरा वेडीवाकडी चालव. त्यांचा पाय हलतो का, ते मला बघायचंय.

हे विनोदाने लिहिलेलं नाही. बाबांनी जायची तयारी केली आहे असं मला वाटतं, मिएन, आणि माझी अजून झालेली नाही.

तुझा
तोआनदादा